नैरोबी ते पोलादपूर, दारापासून दारापर्यंत

त्यांच्याबरोबर मी चार वर्षं एका पडवीत काढली, आणि त्यात असा आठवडा गेला नसेल की मला त्यांची तिडीक आली नाही. हे आधीच सांगून टाकतो. माणूस गेला की जो तो त्याच्याबद्दल गोड बोलायला लागतो, आणि मास्तरांना गोड बोलण्याचाच मनस्वी तिटकारा होता.

पोलादपूरच्या हायस्कुलात ते भूगोल शिकवत आणि मी मराठी. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. मास्तर उंच, खांद्यात वाकलेले, धोतरावर काळा कोट घालणारे. कोटाच्या एका खिशात घड्याळ आणि दुसऱ्या खिशात दोऱ्याची गुंडी. शाळेत विद्यार्थ्यांना भीती घड्याळाची वाटायची, मला दोऱ्याची. कारण दोरा बाहेर आला की पुढचा अर्धा तास आपला नाही, हे मला अनुभवानं कळलं होतं.

घरात पाहुणा आला तर आपण म्हणतो, या, बसा, पाणी घ्या. मास्तर म्हणायचे, "कुठून निघालात? किती वाजता?" पाहुणा बिचारा टोपी काढतो न काढतो तोच त्याला हिशेब द्यावा लागायचा. वाटेत कुठं थांबलात, का थांबलात, गाडी मिळायला किती वेळ गेला. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही त्यांनी हेच विचारलं होतं. साहेब म्हणाले, महाडहून आलो, अर्ध्या तासात आलो. मास्तर म्हणाले, "तो गाडीचा वेळ झाला. तुमचा सांगा. महाडला दारातून पाऊल कधी टाकलंत?" साहेबांना राग आला आणि त्या वर्षी भूगोलाच्या तपासणीत आमच्या शाळेला भरपूर शेरे मिळाले.

दारापासून दारापर्यंत, हे त्यांचं पालुपद होतं. विमान अमुक तासांत तमुक ठिकाणी जातं असं कुणी वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं की ते खवळायचे. "विमान जातं हो. माणूस कधी पोचतो ते सांगा. उडताना कुणाचा वेळ जात नाही, थांबताना जातो." हे बोलणाऱ्या माणसानं जन्मात कधी विमानतळ पाहिलेला नव्हता. विमान सोडा, एसटीत बसला की त्याला मळमळायचं. कशेडीच्या घाटात एकदा त्यांना मी बसवून नेलं होतं, ते पुन्हा न्यायचं नाही असं कंडक्टरनंच मला बजावलं. महाडला जायचं तर ते चालत जात आणि चालत येत.

त्यांच्याकडे एक पृथ्वीचा गोल होता. पॅसिफिक महासागराला पोचा आलेला, आस थोडी वाकडी झालेली. तो शाळेचा नव्हे, त्यांचा स्वतःचा. दोन शहरांच्या मधे गोलावर दोरा ताणून धरायचा, मग तो दोरा पट्टीवर मोजायचा, मग मैल. सपाट नकाशावर रेघ ओढून अंतर सांगणाऱ्याला ते फसव्या म्हणत. वर्गात पोरांनाही दोरा ताणायला लावत. डोंगरावरच्या वाडीतून येणारा एक धनगराचा मुलगा त्यांना एकदा म्हणाला, "गुर्जी, आमी शेळ्या राखनार. आमाला सिडनी कशाला?" मी शेजारच्या वर्गातून ऐकत होतो. मास्तर रागावले नाहीत. त्यांनी त्याला विचारलं, शाळेला यायला-जायला किती चालतोस. मुलानं सांगितलं. मास्तरांनी फळ्यावर हिशेब मांडला आणि म्हणाले, "दोन-अडीच वर्षांत तू नैरोबीला पोचतोस. समुद्र आडवा आला नाही तर." तो मुलगा पुढं मॅट्रिक झाला. नैरोबीचं ऐकून झाला की आपोआप झाला, ते मला ठाऊक नाही.

आकाशातून विमान गेलं की मास्तर खडू हातात घेऊन वर्गाबाहेर यायचे. मुंबईहून किनाऱ्यानं दक्षिणेला जाणारं एखादं विमान दिसायचं, फार उंच. ते मान वर करून उभे, मागं सगळा वर्ग मान वर करून उभा. विमान दिसेनासं झालं की ते आत जाऊन पुन्हा खंडीय हवामान शिकवायला लागत. मुख्याध्यापकांनी त्यांना यावरून दोनदा लेखी समज दिली. तिसऱ्यांदा समज द्यायला ते मैदानात आले तेव्हा त्यांचीही मान वर होती, तो विषय तिथंच संपला.

सरकारनं मैलांचे किलोमीटर केले तेव्हा मास्तर आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. रस्त्यावरचे जुने मैलाचे दगड उपटले गेले ते त्यांना घरातला माणूस नेल्यासारखं वाटलं. मी त्यांना चिडवायला मुद्दाम किलोमीटरमध्ये बोलायचो. ते ऐकून घ्यायचे आणि शांतपणे पाच अष्टमांश करून स्वतःशी मैल पुटपुटायचे.

त्यांचं खरं वैर होतं ते आमच्याकडच्या एका सवयीशी. आमच्या डोंगरात कुणालाही विचारा, अमकं गाव किती लांब, तो हात पुढं करून सांगणार, "ह्ये काय, हितंच हाय." ते गाव दोन खिंडी पलीकडं का असेना. चालणाऱ्याचा धीर खचू नये म्हणून सांगतात तसं. मास्तर एकदा खानेसुमारीच्या कामाला वरंधकडच्या एका वाडीवर गेले. वाटेत भेटेल तो हितंच हाय म्हणाला. सकाळी निघालेला माणूस उन्हं कलल्यावर पोचला, पायाला फोड आलेले. वाडीवाल्यांनी ताक दिलं, ते बाजूला ठेवून मास्तरांनी त्यांना सुनावलं, "तुम्ही मला खोटं का सांगितलंत?" एक म्हातारा म्हणाला, "खरं सांगितलं आसतं तर तुमी आला आसता का?" हे मला मास्तरांनीच येऊन सांगितलं, आणि सांगताना त्या म्हाताऱ्यावर ते इतके संतापले होते की मी हसू दाबायला बाहेर गेलो.

आम्ही राहायचो ती पडवी काकींची. काकी म्हणजे आमची घरमालकीण. नवरा लवकर गेलेला, थोडी भातशेती, एकुलता एक मुलगा शंकर. शंकर मास्तरांचाच विद्यार्थी. मुंबईला कारखान्यात फिटर झाला आणि तिथून नैरोबीला रेल्वेच्या कामावर गेला. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. आम्हा दोघांचं जेवण काकींकडेच. मी जेवताना बोलायचो, मास्तर जेवताना विचारल्याशिवाय बोलत नसत, पण काकींना मास्तरांचंच कौतुक. याचा मला राग यायचा, सांगून ठेवतो. कारण असं की रोज संध्याकाळी वाढताना काकी विचारायच्या, "मास्तर, माजा शंकर किती लांब हाय?"

"पावणेतीन हजार मैलांच्या वर, काकी. कालच्याइतकाच."

काकी खूश. गावात कुणालाही विचारलं असतं तर त्यानं हितंच हाय म्हणून सांगितलं असतं. काकींना ते नको होतं. त्यांना आकडा हवा असायचा. एकदा मी मधे तोंड घालून म्हटलं, "काकी, विमानानं सहा-सात तासांत येईल तो, काही लांब नाही." मास्तरांनी भाकरी ताटात ठेवली. "काकी, यांचं ऐकू नका. विमान सहा-सात तास. त्याआधी घर ते विमानतळ, तिथं थांबणं. मुंबईला उतरल्यावर कस्टम. मग एसटी, ती लागेपर्यंत थांबणं. धरून चाला, रात्री तिथून निघाला तर दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तुमच्या दारात." काकींनी हे पाठ केलं. शेजारणींना त्या हे असं सांगत जणू शंकर दर शनिवारी येतो आणि जातो.

त्या वर्षी परीक्षा संपल्या होत्या आणि ऊन मी म्हणत होतं. रविवारी काकींना ताप भरला, सोमवारी छाती भरून आली. महाडहून डॉक्टर आले. त्यांनी नळी लावून पाहिलं आणि काकींचे थोरले दीर अण्णा होते त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, मुलाला बोलवा. संध्याकाळी मास्तरांनी स्वतः जाऊन शंकरला तार केली.

मंगळवारी दिवे लागल्यावर उत्तराची तार आली. बुधवारी रात्री एकच्या विमानानं निघतो, एवढाच मजकूर.

मास्तरांनी तार वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. "बुधवारचे एक. म्हणजे आज मध्यरात्र उलटली की बुधवार लागतो, त्यातला एक. अहो, पोरगं आज रात्रीच निघतंय." मीही म्हटलं, हो की. अण्णा म्हणाले, "मंग उद्या सांच्याला येतो तर." मास्तर आत जाऊन काकींच्या उशाशी बसले आणि त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. तिथली घड्याळं आपल्यापेक्षा अडीच तास मागं आहेत, हेसुद्धा सांगितलं. त्या रात्री जागायला मास्तर बसले. मला त्यांनी झोपायला पाठवलं.

उजाडण्याआधीच काकी गेल्या.

सकाळी भावकी जमली. अण्णा शांत माणूस, पण त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. उन्हाळ्याचे दिवस, माती जास्त वेळ ठेवू नये. त्यात आमच्याकडे घरातून मढं उचललं जाईतो भावकीत कुणाच्या घरी चूल पेटत नाही. पोरंबाळं सगळी उपाशी. मास्तर म्हणाले, "शंकर संध्याकाळी दारात येतोय. आईचं तोंड त्याला दिसायला हवं." अण्णांनी क्षणभर विचार केला. एकुलता एक मुलगा, अग्नी त्यानंच द्यायचा. "तुमी म्हंता तर थांबू, मास्तर." माणूस धाडून महाडहून बर्फाच्या लाद्या आणवल्या, भुशात गुंडाळून. काकींना ओटीवर ठेवलं.

बुधवारचा तो दिवस कसा गेला ते विचारू नका. पाचची गाडी आली, शंकर नाही. मास्तर म्हणाले, पुढची. पुढची आली, तीतून दोन व्यापारी उतरले. सूर्य डोंगराआड गेला. सूर्य बुडाल्यावर अग्नी देत नाहीत, म्हणजे रात्र काढणं आलं. मास्तरांजवळ कुणी बसेना. एक बाई आपल्या नातवाला घेऊन दुसऱ्या आळीत भात मागायला गेली, तिनं जाताना मास्तरांकडे जे पाहिलं ते मी पाहिलं. मला त्या माणसाची दया येत होती आणि रागही येत होता. जन्मभर दुसऱ्याचे आकडे खोडत आला आणि आज स्वतःचा एक आकडा धड सांगता आला नाही.

गुरुवारी उजाडलं. बर्फ बराच वितळला होता. अंगणात तिरडी बांधायला घेतली. अण्णा ओटीच्या पायरीवर बसून एका जाणत्याशी दिवसांचं बोलत होते. "दहावा मंगळवारपासनं धरायचा," अण्णा म्हणाले.

मास्तर खांबाला टेकून उभे होते. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, पोटात अन्न नाही. तरी जीभ वळवळलीच. "बुधवारपासून. त्या गेल्या तेव्हा पहाट होत आली होती. म्हणजे बुधवार."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मेलेल्या बाईच्या उशाशी उभा राहून हा माणूस वार दुरुस्त करत होता. मी त्यांचा कोट ओढला. पण अण्णा रागावले नाहीत. एखाद्या पोराला सांगावं तसं म्हणाले, "मास्तर, उजाडलं नव्हतं. उजाडल्याबिगर बुधवार कसा व्हईल?"

"घड्याळात बारानंतर..."

"ते घड्याळात. आमचा वार सूर्य उगवल्यावर बदलतो. मंगळवारची रात व्हती ती."

मास्तरांनी पुढं बोलायला तोंड उघडलं. मग त्यांचा हात खिशात गेला. घड्याळ नाही, दोरा नाही, तार बाहेर आली. ती त्यांनी वाचली, पुन्हा वाचली.

"अण्णा," ते म्हणाले, "शंकरपण असाच वार मोजतो?"

"मंग? याच घरचा हाय तो."

"म्हणजे बुधवारी रात्री एक म्हणजे..." त्यांना पुढं बोलवेना. मीच म्हटलं, "कालची रात्र."

"कालची रात्र," मास्तर म्हणाले. "अण्णा, मी चुकलो. मी घड्याळाचा बुधवार धरला. त्यानं तुमचा लिहिला होता. तो काल निघालेलाच नव्हता. आज पहाटे निघाला. तो आत्ता अरबी समुद्रावर आहे."

चार वर्षांत त्यांच्या तोंडून चुकलो हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. पण अंगणातल्या लोकांना त्याचं काय. अण्णा तिरडीकडे बघत राहिले. "काल म्हनालात सांच्याला येतो. आज म्हंता समुद्रावर हाय. उद्या आनि काय म्हनाल."

"आज सूर्य बुडेपर्यंत थांबा. एवढंच मागतो. नाही आला तर मी पुन्हा शाळेत भूगोल शिकवणार नाही."

"तुमच्या भूगोलाचं मी काय करू, मास्तर? ती बगा कशी झालीय." अण्णांनी ओटीकडे हात केला. मग म्हणाले, "नदीवर न्यायचं, सगळं करायचं, दिवस असताना झालं पायजे. ह्या फनसाची सावली पायरीला लागली की उचलनार. मंग देवाचं बोलावणं आलं तरी थांबनार नाय."

फणसाची सावली पायरीला लागते ती साडेचारच्या सुमाराला. मास्तरांनी मनात हिशेब केला असणार, कारण त्यांचा चेहरा पडला. शंकर एसटीनं येणार, सहाच्या आत येणं शक्य नव्हतं. हे त्यांना कळत होतं, मला कळत होतं. त्यांनी तरी हो म्हटलं.

मग जे सुरू झालं ते मी उभ्या जन्मात विसरणार नाही. मास्तर ओटीच्या कडेला काकींच्या पायाशी बसले, घड्याळ हातात घेतलं आणि थोड्या थोड्या वेळानं बोलायला लागले. कुणाला उद्देशून नाही. "आता किनारा दिसला असेल." लोक तोंड फिरवून बसले. "आता उतरला." एक तरुण पोरगा कुत्सितपणे हसला, अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं तसा गप्प झाला. "आता कस्टमच्या रांगेत उभा आहे. तिथं वेळ जातो." कोपऱ्यातल्या एका म्हातारीनं विचारलं, "त्याला तिथं पानी तरी देत आसतील का?" मास्तर म्हणाले, "विकत मिळतं." म्हातारीनं मान हलवली.

दुपार झाली. बायका रडून थकल्या होत्या. पोरं भुकेनं कुरकुरून झोपली. "आता एसटीत बसला," मास्तर म्हणाले, "खिडकीची जागा नसेल मिळाली." तासाभरानं म्हणाले, "आता पनवेल." आणि मघाचा तो हसणारा पोरगा, तो मुंबईला गिरणीत होता, आपणहून बोलला, "पनवेलला गाडी लई येळ थांबते." मास्तर म्हणाले, "थांबते. तेवढं मी धरलंय." हळूहळू सगळं अंगण ऐकायला लागलं. काम टाकून ऐकायला लागलं. एसटीत पुढं कुणीतरी बसलंय, ते रस्ता सांगतंय, आणि आपण सगळे मागं दाटीवाटीनं बसलोय, असं झालं. सावली पायरीपासून दोन हातांवर आली होती आणि मास्तर अजून पेणलाच होते.

अण्णांनी शेवटी विचारलंच, "आता कुठवर आला?"

"पेण सोडलं असेल. वडखळच्या अलीकडे."

"म्हंजे लांब हाय."

"लांब आहे."

ती म्हातारी म्हणाली, "मास्तर, जरा जवळ आना की त्याला."

मास्तरांचा आवाज फुटला. "मला आणता येत नाही हो, आजी. आणता आला असता तर परवाच आणला असता."

त्या क्षणी मला त्यांची जन्मात पहिल्यांदा माया आली. सगळं गाव एका खोट्या शब्दावर तासभर आणखी थांबलं असतं. माणगावला आलाय म्हणाले असते तर कुणी तपासायला जाणार नव्हतं. मी त्यांच्या कानाशी लागून तसं सुचवलंसुद्धा. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

सावली पायरीला लागली. अण्णा उठले, धोतराचा सोगा झटकला आणि चौघांना खूण केली. काकींना तिरडीवर घेतलं. बायकांनी हंबरडा फोडला. मास्तर पुढं झाले आणि त्यांनी तिरडीचा बांबू दोन्ही हातांनी धरला. उचलायला नव्हे, उचलू नये म्हणून. "अण्णा, नागोठणं येतंय आता. निदान कोलाडपर्यंत. कोलाडपर्यंत थांबा."

"सोडा, मास्तर."

"नागोठण्याचा पूल..."

"मास्तर, हात काडा."

आणि मग बायकांचा आवाज एकदम बंद झाला. अंगणाच्या बेड्याशी, म्हणजे फाटकात, शंकर उभा होता. अंगात कोट, हातात बॅग, केस धुळीनं पांढरे. कुणालाच त्याला हाक मारता येईना. मास्तरांची पाठ त्याच्याकडे होती. ते बांबू घट्ट धरून अजून नागोठण्याचंच सांगत होते. अण्णांनी त्यांच्या खांद्याला धरून त्यांना वळवलं तेव्हा त्यांना दिसलं.

त्यानं टॅक्सी केली होती. सांताक्रूझच्या विमानतळावरून थेट पोलादपूर. मन थाऱ्यावर नव्हतं, एसटीची वाट बघवेना, म्हणाला. आमच्या गावचा माणूस मुंबईहून टॅक्सी करून येतो हे मास्तरांच्या कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं. म्हणजे ते पुन्हा चुकलेच होते. पण शंकरनं आईचं तोंड पाहिलं, तिच्या तोंडात पाणी घातलं, आणि सूर्य बुडायच्या आत सावित्रीच्या काठी तिला अग्नी दिला. त्या संध्याकाळी सगळ्या भावकीत चुली पेटल्या. मास्तर मात्र जेवले नाहीत. पडवीत गोलाकडे तोंड करून बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी आम्ही नदीवर सावडायला गेलो. अण्णा, शंकर, मास्तर आणि मी. उन्हाळ्यानं पाणी आटलं होतं, खडकातून धार वाहत होती. शंकरनं अस्थी मडक्यात घेतल्या, मडक्याच्या तोंडाला फडकं बांधलं आणि तो खडकावर बसला. मग त्यानं मास्तरांना विचारलं, "मास्तर, आय गेली तवा मी कुठं होतो?"

मी घाईनं म्हटलं, "अरे, वाटेतच होतास तू."

"नव्हतास," मास्तर म्हणाले.

त्या वेळी मी त्यांना नदीत ढकललं असतं.

"तू नैरोबीतच होतास. निघायला अजून पुरता एक दिवस होता तुला." शंकरनं मान खाली घातली. मास्तर बोलतच राहिले, नेहमीसारखे, शाळेत शिकवावं तसे. "पण ऐक. माझी तार तुझ्या हातात मंगळवारी दुपारी पडली. त्या वेळी तुझ्या दारात विमान उभं असतं, तुझ्या एकट्यासाठी, आणि तू पायातल्या चपलांनिशी चढला असतास, तरी इथं यायला तुला उजाडलं असतं. ती त्याआधी गेली. एडनवरून बघितलं, कराचीवरून बघितलं. मी गेले तीन दिवस तेच मोजतोय. कुठल्याच विमानानं तू पोचत नाहीस. तेव्हा उशीर तुझा नाही."

शंकर ऐकत होता. अण्णाही ऐकत होते.

"दोष आहे तो माझा," मास्तर म्हणाले. "तिला मी चुकीचं सांगितलं. ती सारखी विचारत होती, निघाला का, निघाला का. आपल्याकडे साडेतीन वाजले तेव्हा मी तिला म्हटलं, काकी, शंकरचं विमान आत्ता सुटलं. ती म्हणाली, मंग मी पडते जरा. आणि कुशीवर वळली. त्यानंतर ती बोलली नाही." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "तिला शेवटचं जे ऐकायला मिळालं ते खोटं होतं, शंकर. ते माझ्याकडून गेलं."

शंकरनं मडकं खडकावर नीट ठेवलं. उठला आणि वाकून त्यानं मास्तरांच्या पायांवर डोकं ठेवलं. मास्तर गडबडून मागं सरकले, पाय पाण्यात गेले. "अरे, काय करतोस? चूक होती ती. सांगतोय ना तुला, चूक होती."

"असू दे, मास्तर," शंकर म्हणाला. "तुमच्या चुकीत तरी मी वेळेवर निघालो."